चौदा सामन्यांची आघाडी

सप्टेंबर महिना उजाडला की अमेरिकेतील बेसबॉलवेड्या शहरांत एका निराळ्याच हिशेबाला आरंभ होतो. न्हाव्याच्या दुकानात, उपनगरी गाडीच्या डब्यात, कार्यालयातील कॉफीच्या यंत्रापाशी, रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या घोळक्यात एकच प्रश्न चर्चिला जातो : आपला संघ यंदा गटात पहिला येईल काय? उरलेले सामने किती, ते कोणाशी, घरच्या मैदानावर किती आणि परगावी किती, प्रतिस्पर्ध्याचा मुख्य पिचर जायबंदी आहे म्हणतात ते खरे काय, यांचा खल चालतो. शाळेत ज्यांनी गणिताचा धसका घेतला होता तीही माणसे या दिवसांत बोटांवर आकडेमोड करू लागतात.

हा खल एवढा रंगतो याचे कारण या खेळाच्या रचनेत आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. वसंतात सुरू झालेला हंगाम शरदाच्या तोंडाशी संपतो. म्हणजे सुमारे सहा महिने जवळजवळ रोज एक सामना. अतिशय चांगला संघही या काळात साठ-साठ सामने हरतो. त्यामुळे एका पराभवाने कोणाचे आभाळ कोसळत नाही आणि एका विजयाने कोणी दिवाळी साजरी करीत नाही. वाण्याच्या वहीत रोज दोन-चार ओळींची भर पडावी आणि खरी बाकी महिन्याच्या अखेरीस कळावी, तसे हे आहे. एप्रिल, मे, जूनमध्ये चाहता सामना पाहतो, रेडिओवर ऐकतो, विसरतो. सप्टेंबर आला की मात्र तीच वही तो पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागतो, आणि मे महिन्यात हलगर्जीपणाने गमावलेला एखादा सामना त्याला अचानक टोचू लागतो.

गटांची रचनाही समजून घ्यावी लागेल. संघ दोन लीगमध्ये विभागलेले असतात आणि प्रत्येक लीगचे पुन्हा भौगोलिक गट पडतात. आज प्रत्येक लीगमध्ये ३ गट आहेत. १९६९ पासून १९९३ पर्यंत ते दोनच होते, पूर्व आणि पश्चिम. त्या काळी गटात पहिल्या आलेल्या संघालाच पुढचा प्रवेश मिळे. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाने कितीही सामने जिंकलेले असोत, त्याचा हंगाम तेथेच संपे. एका गटात दोन बलाढ्य संघ असले म्हणजे त्यांपैकी एकाने शंभराच्या घरात विजय मिळवूनही ऑक्टोबरमध्ये घरी बसायचे, अशी ती निष्ठुर व्यवस्था होती.

दोन संघांमधील अंतर मोजण्याची रीत साधी आहे. विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करायची आणि तिला दोनाने भागायचे. येणाऱ्या संख्येला ‘इतके सामने मागे’ असे म्हणतात. त्यात अर्धा सामनाही येतो, कारण एक संघ खेळला आणि दुसऱ्याला त्या दिवशी विश्रांती असली तर अंतर अर्ध्यानेच बदलते. दुसरी एक संख्या अधिक लाडकी, तिला ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय आणि दुसऱ्या संघाचे पराभव वजा केले की ती मिळते. आघाडीच्या संघाचे ९० विजय आणि दुसऱ्याचे ६५ पराभव असतील तर उरतात ८. आपण जिंकलो की त्यातून एक कमी, तो हरला की आणखी एक कमी; शून्यावर आले की गट आपला. चाहते ही संख्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात आणि लग्नघटिका मोजावी तशी मोजतात. आपल्याकडे आयपीएलच्या अखेरच्या आठवड्यात, कोण कोणाला किती धावांनी हरवेल म्हणजे आपला संघ वर येईल, याची जी खटपट चालते तिचेच हे महिनाभर पुरणारे रूप होय. २०२४ मध्ये बेंगळुरूच्या संघाने पहिल्या ८ सामन्यांपैकी एकच जिंकूनही पुढचे सहा ओळीने जिंकून बाद फेरी गाठली, तेव्हा ‘गणिती शक्यता’ हा शब्द आपल्याकडेही घरोघरी पोहोचला होता.

या चर्चेची सारी मौज आणि सारे दुःख एकत्र पाहायचे असेल तर १९७८ सालच्या बोस्टनकडे पाहावे.

त्या वर्षी अमेरिकन लीगच्या पूर्व गटात ७ संघ होते. त्यांत बोस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज यांचे वैर जुने. बोस्टनने अखेरची जागतिक मालिका १९१८ मध्ये जिंकली होती. पुढे त्याच संघाने बेब रूथ हा असामान्य खेळाडू यांकीजला विकून टाकला, आणि तेव्हापासून यांकीजच्या घरी विजेतेपदांची रास लागत गेली, तर बोस्टनच्या वाट्याला १९४६, १९६७ आणि १९७५ मध्ये जागतिक मालिकेच्या सातव्या व शेवटच्या सामन्यातील पराभव आले. बोस्टनच्या घराघरांत हा इतिहास तोंडपाठ होता. आजोबा नातवाला सांगत आणि नातू मोठा होऊन आपल्या मुलांना सांगे.

१९ जुलै १९७८ रोजी रेड सॉक्सचे ६२ विजय आणि २८ पराभव होते. यांकीजचे ४८ विजय आणि ४२ पराभव. विजयांत १४ चा फरक, पराभवांत १४ चा फरक. अंतर १४ सामन्यांचे. यांकीज गटात चौथे होते. त्यांच्या गोटात रोज भांडणे होत होती आणि २४ जुलैला व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला. त्यांच्या जागी शांत स्वभावाचे बॉब लेमन आले. १० ऑगस्टपासून न्यूयॉर्कची प्रमुख वृत्तपत्रे संपामुळे बंद पडली. एकमेकांविषयी कोण काय बोलले हे सकाळी वाचायला मिळेनासे झाल्यामुळे यांकीजचे खेळाडू अधिक चित्त लावून खेळू लागले, असे पुढे अनेकांनी म्हटले.

जुलैमध्ये बोस्टनच्या चाहत्यांचे दोन तट पडले असतील तर त्यांत नवल नाही. एक तट आकड्यांचा. उरलेल्या ७२ सामन्यांपैकी रेड सॉक्सने निम्मे, म्हणजे ३६ जिंकले तरी एकूण ९८ होतात. त्यांना गाठायचे तर यांकीजला ७२ पैकी ५० जिंकावे लागतील. आतापर्यंत निम्म्याहून थोडे अधिक सामने जिंकणारा आणि आपसांत भांडणारा संघ अचानक दहापैकी सात सामने कसा जिंकणार? हिशेबात कोठेही चूक नव्हती. दुसरा तट स्मृतीचा. त्याच्याजवळ आकडा नव्हता. होती ती फक्त साठ वर्षांची आठवण. हा तट म्हणे, ऑक्टोबर येऊ द्या, मग बोलू.

दोन्ही तटांच्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट होती. गुणतक्ता हा आजवरच्या कमाईचा ताळेबंद असतो. पुढे येणारी देणी त्यात दिसत नाहीत. रेड सॉक्सचे भरवशाचे खेळाडू एकामागून एक दुखण्यांनी ग्रासले जात होते. शॉर्टस्टॉप रिक बर्लसन जायबंदी झाला. यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळणारा कार्लटन फिस्क बरगडीच्या दुखण्यासह खेळत राहिला. ड्वाइट इव्हान्सच्या डोक्याला चेंडू लागला आणि त्याला घेरी येऊ लागली. तिसऱ्या बेसवरील बुच हॉब्सनच्या कोपरात हाडाचे तुकडे सुटे झाले होते. चेंडू फेकण्यापूर्वी तो ते हाताने जागच्या जागी सरकवीत असे. त्या हंगामात त्याच्याकडून क्षेत्ररक्षणात ४३ चुका झाल्या. वरून भक्कम दिसणाऱ्या पेढीचे खांब आतून पोखरले जात होते, पण दर्शनी फलकावरची आघाडी अजून शाबूत होती.

ऑगस्टमध्ये अंतर कमी होत गेले. ७ सप्टेंबरला यांकीज ४ सामन्यांसाठी बोस्टनच्या फेनवे पार्कवर आले तेव्हा ते नेमके ४ सामने मागे होते. त्या चार दिवसांत यांकीजने १५-३, १३-२, ७-० आणि ७-४ असे चारही सामने जिंकले. एकूण धावा ४२ विरुद्ध ९. रविवारी संध्याकाळी दोन्ही संघ बरोबरीत होते. १७७० साली ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात बोस्टनचे नागरिक मारले गेले होते आणि त्या घटनेला इतिहासात बोस्टनचे हत्याकांड म्हणतात. या चार सामन्यांनाही लोकांनी तेच नाव दिले. पुढच्या आठवड्यात यांकीज साडेतीन सामन्यांनी पुढे गेले, आणि जुलैतील आकड्यांचा तट निरुत्तर झाला.

येथे एक गंमत घडली. आता आशा सोडून द्यावी असे आकडेच सांगत होते, आणि चाहत्यांनी ती सोडली नाही. संघानेही सोडली नाही. रेड सॉक्सने हंगामातील अखेरचे ८ सामने ओळीने जिंकले. १ ऑक्टोबरच्या रविवारी, शेवटच्या दिवशी, यांकीज एका सामन्याने पुढे होते. त्या दिवशी यांकीज क्लीव्हलँडकडून हरले आणि रेड सॉक्सने टोरांटोला ५-० असे हरवले. दोन्ही संघांचे ९९ विजय आणि ६३ पराभव. फेनवे पार्कच्या फलकावर क्लीव्हलँडच्या रिक वेट्स या पिचरचे जाहीर आभार मानण्यात आले; त्यानेच यांकीजला रोखले होते. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर निर्णायक सामना ठरला. मैदान कोणाचे, हे आधीच नाणे उडवून ठरलेले होते.

२ ऑक्टोबर, सोमवार, दुपारची वेळ. बोस्टनमध्ये अनेकांचे लक्ष त्या दिवशी कामावर नव्हते. यांकीजकडून रॉन गिड्री चेंडू टाकत होता. त्या हंगामात तो फक्त ३ सामने हरला होता. तरीही दुसऱ्या डावात बोस्टनच्या कार्ल यस्ट्रझेम्स्की याने होम रन मारला आणि सहाव्या डावाअखेर रेड सॉक्स २-० असे पुढे होते. सातव्या डावात यांकीजचा बकी डेंट फलंदाजीस आला. तो क्षेत्ररक्षणासाठी संघात असे. त्या वर्षभरात त्याने केवळ ४ होम रन मारले होते. एक चेंडू त्याच्या पायावर आदळला, तो लंगडला, बॅट बदलली, आणि पुढचा चेंडू त्याने डावीकडच्या ३७ फूट उंच हिरव्या भिंतीवरून पलीकडे टाकला. तीन धावा. तेथून यांकीज ५-२ असे पुढे गेले, बोस्टनने अंतर ५-४ वर आणले, आणि नवव्या डावात दोन गडी बाद असताना, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर उभी असताना, यस्ट्रझेम्स्की पुन्हा फलंदाजीस आला. वय ३९. १९६१ पासून तो याच संघात होता. त्याने मारलेला चेंडू सरळ वर गेला आणि तिसऱ्या बेसपाशी अलगद झेलला गेला. १६३ व्या सामन्यात हंगाम संपला. यांकीजने पुढे जागतिक मालिकाही जिंकली.

या हंगामाची नोंद बोस्टनच्या घसरणीची कथा म्हणून केली जाते. आकडे मात्र थोडे वेगळे सांगतात. १९ जुलैनंतरच्या ७२ सामन्यांत रेड सॉक्सने ३७ जिंकले आणि ३५ गमावले. जुलैमधल्या आशावादी चाहत्याने धरलेल्या निम्म्याच्या अंदाजापेक्षा एक अधिकच. पण यांकीजने त्याच काळात ५१ जिंकले आणि २१ गमावले. ‘असे थोडेच होणार’ म्हणून ज्या शक्यतेची बाब हिशेबातून वगळली होती, ती प्रत्यक्षात आली. शक्यता थोडी असणे आणि शक्यता नसणे, या दोहोंमधील फरक बोस्टनने त्या वर्षी किंमत मोजून शिकून घेतला.

बोस्टनच एकटे दुर्दैवी होते असेही नाही. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ १२ सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होता. तो ओळीने १० हरला. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने १७ सामने उरले असताना असलेली ७ सामन्यांची आघाडी गमावली. उलट हाच मेट्स संघ १९७३ च्या ऑगस्ट अखेरीस आपल्या गटात तळाशी होता आणि तरीही गटविजेता ठरला. १९९५ मध्ये सिअ‍ॅटलचा मॅरिनर्स संघ ऑगस्टच्या आरंभी १३ सामने मागे होता. नवे मैदान न मिळाल्यास तो संघ शहर सोडून जाईल अशी चिन्हे होती. सप्टेंबरच्या त्या धावपळीत तो बरोबरीला आला, निर्णायक सामना ९-१ असा जिंकला, आणि ज्या मैदानाच्या कराला मतदारांनी थोड्या मतांनी नकार दिला होता, त्याच्यासाठी विधिमंडळाने ऑक्टोबरमध्ये निधीची तरतूद केली. एका शहरातला संघ शहरातच राहिला, यात त्या सप्टेंबरचा वाटा मोठा होता.

या सगळ्या अनिश्चिततेला शिस्त लावण्याचा उद्योगही याच काळात सुरू झाला. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी असलेले बिल जेम्स यांनी १९७७ मध्ये बेसबॉलच्या आकड्यांवरील पहिली वार्षिक पुस्तिका स्वतःच प्रकाशित केली. एखादा संघ किती धावा करतो आणि किती देतो यावरून त्याचे खरे बळ काढता येते, हे त्यांनी एका सुटसुटीत सूत्राने दाखवले. पुढे त्याच रेड सॉक्स संघाने त्यांना सल्लागार म्हणून नेमले. आज संगणक उरलेला हंगाम हजारो वेळा खेळवून पाहतो आणि प्रत्येक संघाच्या नावापुढे रोज सकाळी टक्केवारी लिहितो. पूर्वी न्हाव्याच्या दुकानात आवाज चढवून जे ठरत असे ते आता दशांश चिन्हासह मिळते. वाद मात्र संपलेला नाही. पाच टक्के म्हटले की निराश मनुष्य त्यातले पंचाण्णव पाहतो आणि आशावादी पाच, आणि दोघेही बरोबर वाचत असतात.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांपैकी कित्येकांची या खेळाशी ओळख याच मोसमात होते. सोलापूरचे एक निवृत्त गृहस्थ २०११ च्या सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या उपनगरात मुलाच्या घरी होते. अकरा वर्षांचा नातू रोज सकाळी गुणतक्ता घेऊन बसे. त्या वेळी गटविजेत्यांखेरीज प्रत्येक लीगमधील आणखी एका संघाला पुढे प्रवेश मिळत असे, आणि ३ सप्टेंबरला रेड सॉक्स त्या जागेसाठी टँपा बेच्या संघापेक्षा ९ सामने पुढे होता. संगणकांनी त्याची शक्यता नव्याण्णव टक्क्यांहून अधिक मानली होती.

‘‘आजोबा, नऊ सामने पुढे आहोत आपण. आता फक्त खेळून टाकायचे,’’ नातू म्हणाला.

आजोबांनी जन्मभर खर्चाची वही रोजच्या रोज लिहिली होती. दोन दिवसांत सूत्र शिकून त्यांनीही एक कागद आखला. कुंपणापलीकडे राहणारे साठीच्या घरातील अमेरिकन शेजारी मात्र त्या कागदाकडे बघून नुसते हसले. त्यांनी विचारले, ‘‘तुमच्या या कागदावर ऑक्टोबर आहे का?’’ मुलाला त्यांचा राग आला. त्याने रेड सॉक्सची दोन विजेतेपदे, २००४ आणि २००७ ची, घरच्या गोष्टींसारखी ऐकली होती. हा संघ हरूही शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. शेजाऱ्यांना तेच ठाऊक होते.

महिनाभर कुंपणाच्या दोन बाजूंनी हा वाद चालला. मुलगा रोज नवे कारण शोधून आणी : उद्याचा प्रतिस्पर्धी दुबळा आहे, अमक्याचा खांदा आता बरा आहे, टँपा बेला यांकीजशी खेळायचे आहे. शेजारी त्यातले एकही कारण खोडून काढीत नसत. ‘‘बघू,’’ एवढेच म्हणत. आघाडी नऊवरून पाचावर, पाचावरून दोनावर आली. आजोबांच्या कागदावर खोडाखोड वाढली. रेड सॉक्सने त्या महिन्यात ७ सामने जिंकले आणि २० गमावले.

२८ सप्टेंबरच्या रात्री दोन्ही संघ बरोबरीत होते. रेड सॉक्स बाल्टिमोरला ३-२ असा पुढे होता, आणि टँपा बेविरुद्ध यांकीजकडे ७ धावांची आघाडी होती. पिढ्यान्‌पिढ्या यांकीजच्या पराभवाची इच्छा करणारे शहर त्या रात्री यांकीजच्या विजयाची वाट पाहत बसले होते. शेजारीही येऊन बसले. बाल्टिमोरला पाऊस आला आणि खेळ दीड तासाच्या आसपास थांबला. मध्यरात्रीच्या सुमारास नवव्या डावात, दोन गडी बाद झालेले असताना, बाल्टिमोरने दोन धावा काढून सामना ४-३ असा जिंकला. त्यानंतर अवघ्या काही मिनिटांत टँपा बेच्या इव्हान लाँगोरिया याने बाराव्या डावात होम रन मारून यांकीजला ८-७ असे हरवले. एका सामन्याच्या फरकाने रेड सॉक्सचा हंगाम संपला.

मुलगा रडला. ‘‘तुम्हांला आधीच माहीत होते,’’ असे तो शेजाऱ्यांना रागाने म्हणाला.

‘‘नव्हते,’’ ते म्हणाले. ‘‘मीही आज जिंकू असेच समजत होतो. दर वर्षी समजतो.’’ मग थोडे थांबून त्यांनी सांगितले की १९७८ चा तो सोमवारचा सामना त्यांनी वडिलांबरोबर रेडिओवर ऐकला होता. वडील २००३ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी संघ जिंकला. ‘‘त्यांचे म्हणणे असे की आपल्या हयातीत नाही, पण तुझ्या हयातीत नक्की. तेवढे एक त्यांचे गणित बरोबर आले.’’

आजोबांना इंग्रजी बोलणे फारसे जमत नसे. त्यांनी उठून तिघांसाठी दूध गरम केले.

२००४ च्या त्या विजयाची हकिकत अमेरिकेत प्रसिद्ध आहे. लीगच्या अंतिम मालिकेत रेड सॉक्स यांकीजविरुद्ध ०-३ असा मागे होता. त्या अवस्थेतून मालिका जिंकलेला एकही संघ तोपर्यंत झालेला नव्हता. त्याने पुढचे चारही सामने जिंकले, मग जागतिक मालिकेचेही चारही जिंकले, आणि २७ ऑक्टोबर २००४ रोजी ८६ वर्षांची प्रतीक्षा संपली. त्यानंतरच्या दिवसांत न्यू इंग्लंडमधील अनेक दफनभूमींत लोक आपल्या आईवडिलांच्या, आजोबांच्या कबरींपाशी जाऊन रेड सॉक्सच्या टोप्या, छोटे ध्वज आणि त्या दिवसाची वृत्तपत्रे ठेवून आले. तेथे झोपलेल्यांपैकी कितीतरी जणांनी सप्टेंबरमागून सप्टेंबर तोच वाद घातला होता, तीच बेरीज-वजाबाकी केली होती आणि निकाल न कळताच ते गेले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हे मागे राहिलेल्यांना आपले काम वाटले.

बाहेरच्या माणसाला हे सारे निष्फळ वाटेल. चाहत्याच्या वादाने एकही धाव वाढत नाही, एकही सामना फिरत नाही. ज्यावर आपली काडीचीही सत्ता नाही अशा गोष्टीसाठी शहाणीसुरती माणसे रात्री जागतात, हे व्यवहाराच्या कसोटीवर उतरत नाही. पण घरात एखादे मोठे दुखणे असताना, किंवा मुलाच्या परीक्षेच्या निकालाची वाट पाहताना, हातात काही नसलेली माणसे एकमेकांजवळ बसून शक्यता मोजतातच. त्या मोजण्याने निकाल बदलत नाही. वाट पाहणे मात्र एकट्याचे राहत नाही. बेसबॉलचा चाहता हेच दर वर्षी करतो आणि त्याचा सराव मुलांना लहानपणीच देतो : आकडे नीट मांडावेत, ते कितीही अनुकूल असले तरी मिजास करू नये, कितीही प्रतिकूल असले तरी उरलेले सामने सोडू नयेत, आणि शेवटी जे घडेल ते ज्यांच्याबरोबर वाद घातला त्यांच्याच सोबतीने सोसावे.

२०२२ पासून नियम बदलला आहे. आता दोन संघ बरोबरीत राहिले तर निर्णायक सामना होत नाही. परस्परांतील सामन्यांच्या हिशेबावरून क्रम ठरतो. प्रत्येक लीगमधून ६ संघांना पुढे प्रवेश मिळत असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर येणेही पूर्वीइतके जिव्हारी लागत नाही. १९७८ सारखी सोमवारची दुपार पुन्हा येणार नाही. तरीही सप्टेंबर निम्मा सरला की न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी विचारतो, ‘‘किती सामने मागे?’’ आणि खुर्चीत बसलेला मनुष्य मान न हलवता उत्तर देतो, ‘‘साडेतीन. पण अजून बारा उरले आहेत.’’